ऑनलाइन प्रशिक्षण उपयोगी पडलं की नाही, हे कसं ओळखायचं?

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॉट्सॲपवर वेबिनारच्या लिंका येऊ लागल्या. दिवसाला दोन, कधी तीन. शेवटी गुगल फॉर्म भरायचा, दहापैकी चार प्रश्न बरोबर आले की ईमेलवर सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. शाळा उघडल्यावरही ही सवय टिकली. तीन वर्षांत माझ्याकडे अशी सतरा प्रमाणपत्रं जमली.

मध्यंतरी ती सगळी छापून फाइलला लावली. लावता लावता प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने एकच गोष्ट लिहायची ठरवलं: यानंतर माझ्या वर्गात काय बदललं? सोळा कागदांची मागची बाजू कोरी राहिली. काहींचा तर विषय वाचूनही आत काय सांगितलं होतं ते आठवेना. सतराव्या कागदामागे मात्र जागा पुरली नाही.

मी पाचवी-सहावीला गणित शिकवते. पण हा प्रश्न एकट्या शिक्षकांचा नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत अशा प्रशिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात. सनदी लेखापालांनाही असे तास भरावे लागतात. या सगळ्यांत बरंचसं शिक्षण आता पडद्यावरच होतं. तास मोजण्याची पद्धत मला निरुपयोगी वाटत नाही, तिच्यामुळे माणूस निदान वेळ तरी काढतो. पण तासाच्या हिशोबातून हजेरी कळते. शिकणं झालं का, ते कळत नाही. मग ते कळायचं कसं?

बहुतेक आयोजक ते अभिप्रायाच्या फॉर्मवरून ठरवतात. ‘सत्र कसं वाटलं? एक ते पाच.’ आपणही तसंच ठरवतो. वक्ता छान बोलला, मन लागलं, म्हणजे सत्र चांगलं झालं. या पद्धतीची खरी परीक्षा घेणारा एक प्रयोग १९७० साली अमेरिकेत झाला होता. तिघा संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ हे नाव दिलं, भारदस्त परिचय दिला आणि मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्याच्या शिक्षकांसमोर उभं केलं. विषय होता गणितातला गेम सिद्धांत आणि डॉक्टरांचं शिक्षण. नटाला त्यातलं काही येत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, बनावट शब्द, विषयाशी संबंध नसलेले किस्से, आणि हे सगळं उत्साहाने व हसतखेळत सांगायचं, अशी त्याची तयारी करून घेतली होती. व्याख्यानानंतर श्रोत्यांनी फॉर्म भरले. बहुतेकांना ते आवडलं होतं, विचारांना चालना देणारं वाटलं होतं. आपण डॉ. फॉक्स यांचं लेखन आधी वाचलं आहे, असंही एकाने लिहिलं.

हे श्रोते मूर्ख नव्हते. फॉर्मने त्यांना ‘कसं वाटलं’ एवढंच विचारलं होतं आणि त्यांनी त्याचं खरं उत्तर दिलं होतं. चूक आपण करतो, जेव्हा त्या उत्तरावरून शिकणं झालं असं धरून चालतो.

पुढच्या संशोधनात हे आणखी बारकाईने तपासलं गेलं. २०१३च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना मिनिटभराचा व्हिडिओ दाखवला: तीन रंगांची मांजर बहुधा मादीच का असते, त्यामागची आनुवंशिकता. काहींना दिसलेली शिक्षिका ताठ उभी राहून, नजरेला नजर देऊन अस्खलित बोलत होती. बाकीच्यांना दिसलेली तीच शिक्षिका तोच मजकूर कागदात डोकं घालून, अडखळत वाचत होती. आपल्याला किती आठवेल, याचा अंदाज अस्खलित व्हिडिओ पाहणाऱ्यांनी बराच जास्त सांगितला. प्रत्यक्ष चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१९मध्ये हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गात तर उलटंच दिसलं. ज्यांनी गटात बसून, डोकं खाजवत उदाहरणं सोडवली ते चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. सुरेख व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं आणि गुण मात्र कमी पडले.

कारण समजण्यासारखं आहे. दुसरा माणूस नीट समजावून सांगतो तेव्हा प्रत्येक पायरी पटत जाते, मान हलत राहते. ती पायरी आपल्याला स्वतः चढता येईल का, याचा त्या पटण्याशी संबंध नसतो. स्वतः चढायला गेलं की धाप लागते आणि त्या धापेलाच आपण ‘जमत नाहीये’ समजतो. वर्गात मुलांचंही हेच होतं. फळ्यावरचं गणित सगळ्यांना कळलेलं असतं, वहीत उतरत नाही.

म्हणून सत्र संपताक्षणी भरलेल्या फॉर्मवर माझा विश्वास उरलेला नाही. ती वेळच चुकीची आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात उरकतो, मग वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. अर्थ असलेला मजकूर तितक्या वेगाने जात नाही, पण उताराची दिशा तीच. सत्राच्या शेवटच्या मिनिटाला आपण त्या उताराच्या माथ्यावर उभे असतो. तिथून दिसणारं दृश्य छानच असणार.

मग कधी आणि काय मोजायचं? डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने १९५९मध्ये लिहिलेल्या लेखांत चार पातळ्या मांडल्या, आणि प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आजही त्याच वापरल्या जातात. घरगुती भाषेत सांगायचं तर चार प्रश्न. आवडलं का? कळलं का? वापरलं का? फरक पडला का? पहिला प्रश्न विचारायला सोपा, म्हणून सगळे तिथेच थांबतात. दुसऱ्यासाठी प्रश्नपत्रिका लागते. तिसऱ्यासाठी काही आठवडे थांबावं लागतं आणि माणसाच्या कामाच्या जागी जाऊन पाहावं लागतं. चौथ्यासाठी रुग्ण, विद्यार्थी, ग्राहक यांच्याकडे जावं लागतं, कारण फरक त्यांना पडायचा असतो.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक थॉमस गस्की यांनी यात मधे आणखी एक पायरी घातली: शिकलेलं वापरायला संस्थेने साथ दिली का? मला ही भर फार मोलाची वाटते. गटात शिकवायचं प्रशिक्षण घेऊन मी आले आणि वर्गात ५८ मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली, महिनाअखेर पोर्शन संपवायचा, तर ते प्रशिक्षण वाया गेलं असं म्हणताना दोष कुणाला द्यायचा? सत्राला की शाळेला? हे वेगळं काढल्याशिवाय किंमत ठरवता येत नाही.

चौथ्या प्रश्नापर्यंत पोहोचलेलं एक ऑनलाइन प्रशिक्षण आहे आणि ते प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं. अमेरिकेतलं न्यू मेक्सिको हे राज्य विस्ताराने मोठं, वस्ती विरळ. अल्बुकर्कीच्या विद्यापीठात मूळचे भारतीय असलेले डॉ. संजीव अरोरा हे यकृताच्या आजारांवर उपचार करत. हिपॅटायटिस सीच्या रुग्णाला त्यांच्या दवाखान्यात तारीख मिळायला आठ आठ महिने लागत. त्या काळचे उपचार म्हणजे महिनोन् महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या, त्रासदायक दुष्परिणाम, सतत तपासण्या. शेकडो किलोमीटरवरून कोण किती वेळा येणार? आणि गावातला डॉक्टर हे उपचार हाती घ्यायला धजावत नसे.

२००३मध्ये अरोरांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. रुग्णांना शहरात आणण्याऐवजी गावातल्या डॉक्टर-परिचारिकांना व्हिडिओवर जोडलं. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी बैठक. त्यात तज्ज्ञाचं भाषण अगदी थोडं. मुख्य काम असं की प्रत्येकाने आपला रुग्ण, नाव न सांगता, मांडायचा: वय इतकं, रक्ताचे आकडे असे, इंजेक्शननंतर नैराश्य आलंय, आता काय करू? तज्ज्ञ प्रश्न विचारत, सुचवत, आणि बाकीचे ऐकत. पुढच्या आठवड्यात तोच डॉक्टर परत येई आणि काय झालं ते सांगे. आपल्या गावात अजून न आलेला रुग्ण दुसऱ्याच्या गावात आधीच येऊन गेलेला असे, आणि तो आपण ऐकलेला असे.

याचा हिशोब २०११मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ४०७ रुग्ण. विद्यापीठाच्या दवाखान्यात तज्ज्ञांनी उपचार केलेल्यांपैकी ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा गेला. ‘एको’मध्ये शिकलेल्या गावांतल्या आणि तुरुंगांतल्या दवाखान्यांत हेच प्रमाण ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम विद्यापीठाच्या दवाखान्यात १३.७ टक्के रुग्णांना, ‘एको’च्या ठिकाणी ६.९ टक्क्यांना. कोणत्या रुग्णाने कुठे जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे शेवटच्या आकड्यावरून गावातले उपचार जास्त सुरक्षित होते असं मी म्हणणार नाही. पण पडद्यावर शिकलेल्या माणसाच्या हातून रुग्ण तितकेच बरे झाले, हे मात्र त्यातून दिसतं. आपल्याकडे बंगळुरूची निम्हान्स ही संस्था मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण याच पद्धतीने देते.

या आकड्यांइतकीच मला या प्रशिक्षणाची मांडणी महत्त्वाची वाटते. शिकणाऱ्याचं स्वतःचं अडलेलं काम टेबलावर होतं. बैठक पुन्हा पुन्हा होत होती. मधल्या दिवसांत ते करून पाहायचं होतं आणि काय झालं हे परत येऊन सांगायचं होतं. माझ्या सोळा वेबिनारांत यातलं काहीच नव्हतं. सतराव्यात होतं.

तो २०२२च्या पावसाळ्यातला. बारा शिक्षक, चार गुरुवार, संध्याकाळी सव्वा तास. विषय दशांश अपूर्णांक. पहिल्याच दिवशी मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, की पुढच्या गुरुवारी येताना आपल्या वर्गातल्या पाच वह्यांचे फोटो आणा, चुकलेल्या गणितांचे. मी आणले. एका मुलीने ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं लिहिलं होतं, आणि ०.१२५ हे ०.३५ पेक्षा मोठं. मी त्यावर लाल फुली मारून ‘सराव कर’ असं लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, “तिने चूक केलेली नाही, एक नियम पाळलाय. कुठला?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पस्तीस चारपेक्षा मोठे, एकशे पंचवीस पस्तीसपेक्षा मोठे. ती टिंबानंतरचा आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचत होती. आणि वर्गात ‘पॉइंट पस्तीस’ असं मीच म्हणत होते.

पण खरा धक्का दुसऱ्या वहीचा होता. त्या मुलाचं उत्तर बरोबर होतं: ०.४ मोठं. मी ती वही फक्त तुलनेसाठी आणली होती. बाई म्हणाल्या, “याला ०.४ आणि ०.७५ विचारून बघाल का?” दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, “०.४ मोठं, बाई. दशांशाचे तुकडे मोठे असतात, शतांशाचे बारीक.” तुकडे खरंच मोठे असतात, पण किती तुकडे घेतले याचा त्याने विचारच केला नव्हता. वर्षानुवर्षं मी अशा उत्तरांना बरोबरची खूण देत आले असणार.

पुढच्या गुरुवारी मी हे सांगितलं. रुपये-पैशांच्या उदाहरणाने समजावू का, असं विचारलं. कोल्हापूरकडच्या एका शिक्षकांनी सांगितलं, की त्यांच्या वर्गात ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे असं मुलं वाचतात. मग मीटरपट्टी घ्यायचं ठरलं. ०.४ मीटर म्हणजे ४० सेंटिमीटर, ०.३५ मीटर म्हणजे ३५. मुलांनी दोऱ्या कापल्या आणि शेजारी शेजारी धरल्या. ‘पॉइंट पस्तीस’ म्हणणं मी बंद केलं. ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ म्हणायला सुरुवात केली आणि मुलं चुकली की मुलंच एकमेकांना टोकू लागली.

दोन महिन्यांनी मुलांना दशांशांच्या तुलनेचे तसेच पाच प्रश्न पुन्हा दिले. चुका बऱ्याच कमी झाल्या होत्या. याचं सगळं श्रेय त्या चार गुरुवारांना देता येईल का? मला खात्री नव्हती. मुलं दोन महिन्यांनी मोठीही झाली होती, सरावही झाला होता. म्हणून शेजारच्या तुकडीला, जिला मी शिकवत नाही, तेच प्रश्न द्यायला सहकारी मैत्रिणीला सांगितलं. तिथे ‘लांब तो मोठा’ ही चूक ठाण मांडून होती. एका शाळेतल्या दोन तुकड्यांवरून सिद्धांत होत नाही. पण माझ्या त्या पाच तासांची किंमत ठरवायला मला इतकं पुरलं, आणि इतकं तर कुणालाही करता येतं.

आता ऑनलाइन की प्रत्यक्ष, या वादाबद्दल. माझी एक मैत्रीण वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. ती तालुक्याला प्रशिक्षणाला गेली की दुसऱ्या शिक्षकाला चारही वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात. तिचा दिवस जातो आणि मुलांचाही. तिला शाळा सुटल्यावर तासभर मोबाइलवर बसून तेच मिळत असेल, तर ती सोय लहान नाही. पण ३०० माणसं, सगळ्यांचे माइक बंद, कॅमेरे बंद, अशा सत्रात आपण उठून गेलो तरी कुणाला कळत नाही, आणि हळूहळू आपल्यालाही कळेनासं होतं. सभागृहातल्या मागच्या रांगेतही हेच होतं. पडदा आहे की सभागृह, यापेक्षा तिथे माझं काम उघडून पाहिलं जाणार आहे का, हे मी आधी बघते.

मोफत सत्राचीही किंमत असते. चाळीस शिक्षक दोन तास बसले की ऐंशी तास गेले. तेवढ्या वेळात किती वह्या बारकाईने वाचून झाल्या असत्या, हा विचार मुख्याध्यापकांनी सक्तीचं पत्रक काढण्याआधी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाव नोंदवण्याआधी मी आता आमंत्रण नीट वाचते. वक्त्याचा परिचय आठ ओळींचा आणि माझ्याकडून काय अपेक्षित आहे यावर एकही ओळ नाही, तर ते व्याख्यान आहे. व्याख्यान जरूर ऐकावं, पण त्याला प्रशिक्षण समजून वर्गात बदल होण्याची वाट पाहू नये. किती जण असतील, एकदाच आहे की पुन्हा भेट आहे, मधल्या काळात काही करून आणायचं आहे का, एवढं मी आयोजकांना विचारते. उत्तर द्यायला त्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत. ज्यांना उत्तरच सुचत नाही, तिथे मी जात नाही. काही सत्रं निव्वळ माहितीची असतात: मूल्यमापनाचा नवा नमुना, कराचा बदललेला नियम, एखाद्या औषधाबद्दलची सूचना. त्यांना चार गुरुवार लागत नाहीत. तिथे एकच बघायचं: हे मला परिपत्रक वाचून दहा मिनिटांत कळलं असतं का?

सत्र झालं की त्याच रात्री टिपणवही बंद ठेवून, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढते. यालाही आधार आहे. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. मग त्या कागदावरची एकच गोष्ट निवडून तिच्यासमोर तारीख घालते: या दिवशी, या तासाला, हे करणार. तीन आठवड्यांनी तो कागद पुन्हा काढते.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी गेल्या वर्षी एक सुचवलं. ऑनलाइन सत्र संपल्यावर लगेच फॉर्म पाठवू नका, सहा आठवड्यांनी पाठवा आणि त्यात एकच प्रश्न ठेवा: ‘तुम्ही वर्गात काय वेगळं केलंत? फोटो असल्यास जोडा.’ केंद्रप्रमुखांनी ते मान्य केलं. पहिल्या वेळी मोजकीच उत्तरं आली, त्यातही बहुतेकांनी ‘अजून नाही’ असं लिहिलं. ते वाचून मला बरं वाटलं, कारण आधीच्या सगळ्या फॉर्मांत पाचपैकी पाच असत. दोघींनी फोटो जोडले होते. एकात ओट्यावर खडूने संख्यारेषा काढलेली आहे, ० पासून १ पर्यंत, दहा समान भाग पाडलेले. एक मुलगा ०.३ आणि ०.४ च्या बरोबर मधे उभा आहे, हातातल्या पुठ्ठ्यावर ०.३५ लिहिलंय, आणि ०.४ वर उभ्या असलेल्या मुलीकडे बघून तो आपली जागा बोटांनी पुन्हा मोजतोय.